मुंबईहून लंडन किती लांब, किती तास? विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढायची

साताऱ्याची माझी आत्या जानेवारीत पहिल्यांदाच विमानात बसणार होती. लेकीचं बाळंतपण लंडनला, म्हणून तीन महिने राहायला निघालेली. तिकीट हातात आल्या आल्या तिचा फोन आला. "अगं, दुपारी सव्वाला मुंबईहून सुटतंय आणि संध्याकाळी सहाला लंडनला पोचतंय. म्हणजे पावणेपाच तासच की! मला साताऱ्याहून मुंबईला यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो."

तिची वजाबाकी बरोबर होती. फक्त एक वेळ मुंबईच्या घड्याळातली होती आणि दुसरी लंडनच्या. खरा प्रवास सव्वादहा तासांचा होता. आत्याला शुगर आहे, गोळ्या जेवणाच्या वेळेला बांधलेल्या. पावणेपाच तासांच्या हिशेबाने ती एकच गोळी बरोबर घेऊन बाकी सगळं औषध मोठ्या बॅगेत टाकणार होती. म्हणून हा हिशेब आधी कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

फोनवर शोधलं तर गोंधळ आणखी वाढतो. मुंबई ते लंडन अंतर एके ठिकाणी ७,२०० दिसतं, दुसरीकडे ४,४८० आणि तिसरीकडे ३,८९०. वेळ कुणी आठ तास सांगतं, कुणी साडेनऊ, कुणी दहाच्या वर. यातलं काहीच खोटं नाही, पण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. कुठला आकडा कशाचा आणि आपल्याला कुठला लागतो, ते क्रमाने बघू. जवळ कागद, फोनमधला कॅल्क्युलेटर आणि आपलं तिकीट असू द्या.

पहिलं काम: शहर नाही, विमानतळ ठरवा

अंतर दोन विमानतळांमधलं असतं, दोन शहरांमधलं नव्हे. पूर्वी "मुंबई" म्हटलं की एकच विमानतळ होता. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आता तिकीट काढताना दोन्हींकडे लक्ष द्यावं लागतं. गोव्याचंही तसंच. दाबोळी जुना, मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला. मुंबईहून दाबोळी सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं, मोपा चारशेच्याही आत. हवेत हा फरक दोन-चार मिनिटांचा असतो. जमिनीवर मात्र मडगावला जाणारा माणूस मोपाला उतरला की त्याला अख्खा उत्तर गोवा ओलांडून खाली यावं लागतं. आणि सावंतवाडीच्या माणसाला मोपा इतकं सोयीचं की दाबोळीला उतरण्यात अर्थच नाही.

लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे बरेच विमानतळ आहेत. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघायची सवय लावून घ्या. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा बीओएम (बॉम्बेचा), नवी मुंबईचा एनएमआय, पुण्याचा पीएनक्यू, नागपूरचा एनएजी, दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स, हीथ्रोचा एलएचआर, गॅटविकचा एलजीडब्ल्यू. अंतर काढणाऱ्या कुठल्याही साइटवर शहराच्या नावाऐवजी हा कोड टाकला की घोटाळा होत नाही.

अंतर: पृथ्वीगोलावर दोरा धरून बघा

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि एक शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरचा नकाशा बघितलेला माणूस म्हणेल, दोरा अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक आणि अटलांटिक महासागर असा आडवा जाईल. तो तसा जात नाही. मुंबईहून निघतो तोच वायव्येला, किंबहुना बराचसा उत्तरेलाच. अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे-स्वीडन करत आइसलँडवर येतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडात उतरतो आणि तिथून न्यूयॉर्कला. लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर.

गोल पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग हा असा असतो. त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात 'बृहद्वृत्त' हा शब्द वाचल्याचं काहींना आठवत असेल. सपाट नकाशात हाच मार्ग कमानीसारखा वाकडा दिसतो, आणि म्हणून विमान उगाच वर जाऊन खाली येतंय असं वाटतं. वाकडा नकाशा असतो, मार्ग नव्हे. हा दोऱ्याचा प्रयोग मी भाचरांना करून दाखवला तेव्हा मोठी माणसंही उठून बघायला आली. पाच मिनिटं लागतात, नक्की करा.

साइटवर जे अंतर दिसतं ते या दोऱ्याचं असतं. मुंबई–हीथ्रो सुमारे ७,२०० किलोमीटर. तेच मैलांत ४,४८० आणि सागरी मैलांत ३,८९०. एक साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. विमान आणि जहाज दोन्ही सागरी मैलांत मोजतात. म्हणजे वर गोंधळात टाकणारे तीन आकडे एकाच अंतराचे होते. एखादी साइट ७,२०० सांगते आणि दुसरी ७,२१३, तरी घाबरू नका. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, कुणी ते हिशेबात धरतं, कुणी तिला पूर्ण गोल मानतं.

देशातल्या देशात अंतर हाताने काढता येतं, आणि एकदा तरी काढून बघावं. पुणे–नागपूर घेऊ. पुण्याचा विमानतळ १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व. नागपूरचा २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. (गूगल मॅपवर विमानतळावर बोट दाबून धरलं की हे आकडे मिळतात.)

अक्षांशांचा फरक २.५१. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २७९ किलोमीटर. रेखांशांचा फरक ५.१३. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, पण ध्रुवाकडे जाताना आकसत जातो. आपल्या महाराष्ट्राच्या पट्ट्यात तो साधारण १०४-१०५ किलोमीटर भरतो. तर पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ५३६. आता शाळेतला पायथागोरस: २७९ चा वर्ग अधिक ५३६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ६०४ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर सातशेच्या वर जातं.

ही युक्ती हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंतच वापरा. लंडनसाठी वापरली तर साडेतीनशे किलोमीटर जास्त येतात, कारण तेवढ्या अंतरावर पृथ्वीचा गोलवा दुर्लक्षित करता येत नाही. लांबच्या अंतराला ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे, दोन कोड टाकले की अंतर आणि नकाशा दोन्ही देते. गूगल अर्थमध्ये मोजपट्टी आहे, तीही चालते. गणिताची आवड असेल तर त्रिकोणमितीने दोन ठिकाणांमधला पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन काढतात. मुंबई–हीथ्रोचा तो ६४.८७ अंश येतो, त्याला दर अंशी १११.२ ने गुणलं की झालं.

वेळ: आधी अंदाज काढा, मग तिकीट बघा

इथे लोक हमखास फसतात. अंतर भागिले वेग करतात. जेट विमानाचा वेग ताशी ९०० ऐकलेला असतो, म्हणून ७,२०० भागिले ९०० बरोबर आठ तास. प्रत्यक्षात आठ तासांत कुणी लंडनला पोचत नाही.

कारणं साधी आहेत. विमान दारातून मागे ढकललं जातं, मग धावपट्टीपर्यंत सरपटत जातं, रांगेत थांबतं. उडाल्यावर लगेच पूर्ण वेग मिळत नाही, पस्तीस-चाळीस हजार फुटांपर्यंत चढायला वेळ लागतो. उतरताना तर अर्धा तास आधीच वेग कमी होत जातो. उतरल्यावर पुन्हा सरपटत दारापाशी. तिकिटावर छापलेला वेळ दारातून हलल्यापासून दाराशी लागेपर्यंतचा असतो. या धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. कुणी "हवेत नऊ तास" म्हणालं आणि तिकिटावर पावणेदहा असले तर दोन्ही खरं असू शकतं.

मी वापरते तो ठोकताळा असा. देशातल्या किंवा जवळच्या परदेशातल्या जेट विमानाला: किलोमीटर भागिले ८००, आणि वर ४० ते ४५ मिनिटं. पुणे–नागपूरला ६०४ भागिले ८०० म्हणजे पाऊण तास, अधिक ४० मिनिटं, एकूण एक तास पंचवीस. मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर, तर सव्वादोन तासांच्या पाच मिनिटं अलीकडे. मुंबई–दुबई सुमारे १,९३०, तर तीन तास दहा. तिकिटाशी ताडून बघा, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळतं. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला ८५० ने भागा. पंख्याच्या छोट्या एटीआर विमानाला ५०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. त्याचा वेगच कमी असतो, म्हणून छोट्या गावाच्या फ्लाइटला वेळ जास्त दिसला तर चूक समजू नका.

मुंबईसाठी थोडी जादा मिनिटं मनात धरा. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी आलेलं विमान आकाशात घिरट्या घालत थांबतं. खिडकीतून तोच समुद्र, तोच किनारा तिसऱ्यांदा दिसला की समजावं, आपण रांगेत आहोत. काही बिघडलेलं नसतं. कंपन्याही हे ओळखून वेळापत्रकात थोडी सैल ठेवतात, म्हणून वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान कित्येकदा वेळेवर पोचतं.

जाताना जास्त, येताना कमी

लंडनला जाताना लागणारा वेळ आणि येताना लागणारा वेळ यांत पाऊण-एक तासाचा, हिवाळ्यात कधी त्याहूनही जास्त फरक पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिकिटात चूक आहे असं वाटतं. हा फरक वाऱ्याचा.

आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून यांचा एक मोठा प्रवाह जातो आणि त्याचा वेग ताशी शे-दोनशे किलोमीटरच्या घरात असतो. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाच्या तोंडावर हा वारा येतो, पूर्वेला येणाऱ्याला तो पाठीवर मिळतो.

आकड्यात बघा. विमानाचा स्वतःचा वेग ९०० धरू आणि वारा वाटभर सरासरी ५०. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८५०, तर ७,२०० किलोमीटरला साडेआठ तास. येताना ९५०, तर सात तास पस्तीस मिनिटं. पंचावन्न मिनिटांचा फरक इथेच निघाला. चढ-उतार आणि सरपटण्याची पाऊणएक तास भर दोन्हीकडे सारखीच.

गेल्या वर्षी मी लंडनहून परतताना समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून ठेवला होता. शेजारच्या आजी विचारत होत्या, अजून किती. स्क्रीनवर तीन आकडे आलटून पालटून येतात: जमिनीवरचा वेग, उरलेलं अंतर, आणि वारा पाठचा की समोरचा. त्या रात्री वेग ताशी १,०४० दाखवत होता आणि पाठचा वारा १४०. उरलेलं अंतर ३,१२०. मी आजींना म्हटलं, तीन तास आणि उतरायची वीस मिनिटं. त्यांनी शाल घेतली आणि झोपल्या. उतरलो तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं, तीन तास पंचवीस मिनिटं झाली होती. तुमच्या विमानात स्क्रीन असेल तर सिनेमाच्या अधेमधे तो नकाशा जरूर लावा. उरलेलं अंतर भागिले वेग, अधिक वीस मिनिटं. लहान मुलाला "अजून किती" याचं खरं उत्तर देता येतं.

उत्तर-दक्षिण प्रवासात, जसं मुंबई–दिल्ली, वारा बराचसा कुशीतून येतो आणि जाण्या-येण्यातला फरक जेमतेम जाणवतो. दिल्ली–कोलकाता किंवा दिल्ली–गुवाहाटीला मात्र हिवाळ्यात चांगलाच दिसतो.

वारा किती मोलाचा असतो याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडियाचं हे विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलटं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, आधीपेक्षा जवळजवळ १,४०० ने जास्त, पण वारा वाटभर पाठीशी. साडेचौदा तासांत विमान पोचलं, आधीपेक्षा दोनएक तास लवकर. तेव्हा दोन पर्यायांत ज्याचं अंतर कमी तेच विमान लवकर पोचेल, असं धरून चालू नका.

आकाशही बंद होतं

दोऱ्याचा मार्ग सगळ्यात जवळचा, पण विमानाला तो मिळेलच असं नाही. खाली कुठल्या देशाचं आकाश आहे आणि तो देश वाट देतो का, यावर ते ठरतं. फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २४ एप्रिल २०२५ ला त्यांनी भारतीय कंपन्यांसाठी ते पुन्हा बंद केलं आणि आठवडाभरात भारतानेही तेच केलं. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना खाली अरबी समुद्राकडे वळसा घालावा लागला. मुंबईला याची झळ कमी, कारण मुंबईचं विमान तसंही समुद्रावरूनच ओमान-आखाताकडे जाऊ शकतं. रशियाने २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांसाठी आकाश बंद केल्यावर हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला.

म्हणून एकाच शहरातून, एकाच दिवशी, एकाच ठिकाणी जाणाऱ्या भारतीय आणि परदेशी कंपनीच्या विमानांत तासाभराचा फरक दिसू शकतो. जुन्या लेखातला किंवा कुणाच्या आठवणीतला वेळ घेऊ नका. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या साइटवर फ्लाइट नंबर टाका. गेल्या काही दिवसांत तेच विमान खरोखर किती वाजता सुटलं, कुठून गेलं आणि किती वाजता टेकलं, ते दिसतं. वृद्ध आईवडिलांना एकटं पाठवणार असाल तर तिकीट काढायच्या आधी हे दहा मिनिटं बघा, असा माझा आग्रहच राहील.

तिकीट वाचताना: दोन घड्याळं आणि एक तारीख

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. सुटायची वेळ सुटण्याच्या गावची, पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. प्रवासाचा खरा वेळ काढायला पोचायची वेळ आपल्या घड्याळात आणा, मग वजा करा.

आत्याचं तिकीट: मुंबई १३:१५, लंडन १८:००. जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १८:०० मध्ये साडेपाच तास मिळवले की आपले २३:३० वाजतात. त्यातून १३:१५ गेले, उरले सव्वादहा तास. येतानाचं तिकीट हिवाळ्यातलं असतं तर कसं दिसलं असतं? समजा लंडन २०:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी १०:५५. लंडनचे २०:३० म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे २:००, तिथून १०:५५ पर्यंत आठ तास पंचावन्न मिनिटं.

पण हा साडेपाचाचा फरक वर्षभर टिकत नाही. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा होतो. अमेरिकेतही असंच, फक्त तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. दुबई दीड तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे, ती घड्याळं बदलत नाहीत.

पोचायच्या वेळेपुढे कधी लहान अक्षरात +१ छापलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पोचणार, एवढाच त्याचा अर्थ. सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना +२ सुद्धा दिसतं. हिवाळ्यात तिथून १० तारखेला रात्री आठला निघून साडेपंधरा तासांनी दिल्लीत उतरलं, तर इथे १२ तारखेच्या पहाटेचा एक वाजलेला असतो. घ्यायला येणाऱ्याला वेळेबरोबर तारीखही सांगा.

आता मध्यरात्रीचं विमान. हे सावकाश वाचा, कारण मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आमच्या शेजारच्या काका-काकूंचं तिकीट १५ तारखेचं होतं, ००:४० चं. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि बोलण्यातही "पंधराच्या रात्री पावणेएक" म्हणजे पंधराचा दिवस उलटल्यावरची रात्र. त्याच हिशेबाने ते पंधराच्या रात्री नऊला, बेसनाच्या लाडवांचे डबे घेऊन विमानतळावर पोचले. विमान वीस तासांपूर्वी गेलेलं होतं. दारावरच्या जवानाने तिकीट बघून परत पाठवलं, तेव्हा काकू बराच वेळ बॅगेवर बसून होत्या. नवीन तिकिटाचे पैसे तर गेलेच, नातवाच्या बारशालाही पोचता आलं नाही.

००:०१ ते पहाटे चारपर्यंतचं कुठलंही विमान असेल तर कॅलेंडरवर आदल्या तारखेभोवती गोल करा आणि तिथे लिहा: "आज रात्री जेवून निघायचं." तिकिटावर १५ असेल तर घर १४ ला सोडायचं.

मधे थांबा असेल तर

"डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" हे एकच नव्हे. नॉनस्टॉप म्हणजे कुठेही न उतरता. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मधे एखाद्या गावी विमान उतरू शकतं.

कनेक्टिंग प्रवासात एकूण वेळ काढताना मधल्या गावाची घड्याळं सोडून द्या. पहिल्या गावची सुटायची वेळ आणि शेवटच्या गावची पोचायची वेळ, दोन्ही भारतीय घड्याळात आणून एकदाच वजाबाकी करा.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर आहे ना, हे विचारा. एकाच बुकिंगवर असेल आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय सहसा कंपनी लावते. दोन वेगळी तिकिटं जोडलेली असतील तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. माझ्या एका मैत्रिणीला एका एजंटाने स्वस्तात अशी दोन तिकिटं जोडून दिली होती, मधे पावणेदोन तास. कागदावर भरपूर वाटतात. पण तिला बॅग घेऊन बाहेर पडून, टर्मिनल बदलून, पुन्हा रांगेत उभं राहायचं होतं.

परदेशातून येऊन पुढे नागपूर किंवा पुण्याला जाणाऱ्यांसाठी खास: भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथे पासपोर्ट तपासणी होते, आणि बहुतेक वेळा बॅगा ताब्यात घेऊन कस्टममधून जाऊन पुन्हा द्याव्या लागतात. मुंबईत पुढचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर टर्मिनल २ वरून तिथे रस्त्याने जायचं असतं. मी स्वतः यासाठी चार तासांपेक्षा कमी अंतर घेत नाही. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो तिकीट काढायच्या आधी तपासा.

घरापासून घरापर्यंत

शेवटचा हिशेब घराच्या उंबऱ्यापासून करायचा. देशातल्या विमानाला दोन तास आधी, परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं. सामान घेणारी खिडकी सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होते आणि विमानाचं गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. तिकिटावरची वेळ विमान हलायची असते, तुम्ही दाराशी पोचायची नव्हे.

पुणे–नागपूरचं सव्वा-दीड तासाचं विमानही लोहगावला जायचा तास, आधीचे दोन आणि तिकडचा पाऊण तास धरला की पाच तासांचं होतं.

आत्याचा कागद मी असा लिहून दिला होता. मोठ्या अक्षरात, कारण तिला चष्मा सारखा काढघाल करायचा कंटाळा.

"पहाटे ४ ला साताऱ्याहून गाडी. सव्वादहाला मुंबई विमानतळ. सव्वाला विमान हलेल. दोनच्या सुमारास जेवण येईल, त्याआधी गोळी. रात्री आठला (आपल्या) पुन्हा खायला मागायचं, दुसरी गोळी. साडेअकराला (आपल्या) लंडन, तिथे संध्याकाळचे सहा. पासपोर्टची रांग तास-दीड तास, बसायला खुर्ची मागायची. मग गाडीने तासभर. घरी पोचशील तेव्हा आपल्याकडे पहाटेचे दोन. एकूण बावीस तास. गोळ्या पर्समध्ये."

तिने तो कागद घडी करून पदराच्या पिनेला लावलेल्या पाकिटात ठेवला. लंडनला पोचल्यावर लेकीने मनगटावरचं घड्याळ तिकडच्या वेळेला लावून देते म्हटलं, तर तिने लावू दिलं नाही. आतोबा साताऱ्यात एकटे होते आणि त्यांच्या बीपीच्या गोळीची वेळ तिला त्या घड्याळावर दिसत होती. रोज ठरलेल्या वेळी ती तिकडून फोन करायची. मार्चच्या शेवटच्या रविवारी भिंतीवरचं घड्याळ एक तासाने पुढे गेलं, आणि त्या दिवशी फोन आला तो मला. "अगं, आता साडेचारच तास मिळवायचे ना?"